ठोका कळतो, कितवा ते कळत नाही

गेल्या आठवड्यात डोंबिवलीच्या एका लॅबमध्ये काम करणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, तुमच्या गच्चीवर तू ते जीपीएसवर चालणारं घड्याळ लावलंयस ना, ते मलाही लावायचंय. काय काय विकत घेऊ आणि फाइलमध्ये काय लिहू, तेवढं सांग." तेवढं सांगता सांगता पाऊण तास गेला आणि महत्त्वाचं राहूनच गेलं. म्हणून इथे लिहितेय. तिच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे यंत्रांच्या घड्याळांचा रोजचा वैताग आहे त्या सगळ्यांसाठी.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबची कॉम्प्युटर-नेटवर्कची बाजू सांभाळते. २०२३ च्या फेब्रुवारीत एका आजींचा पोटॅशियमचा रिपोर्ट ६.१ आला. त्यांच्या डॉक्टरांनी फोन केला, "रक्त काढल्यापासून मशीनवर जाईपर्यंत किती वेळ गेला?" प्रश्न रास्त होता. रक्ताची नळी वेळेत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली नाही, तर पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा उगाच चढतो. मी सिस्टीम उघडून बघितली. रक्त घेतल्याची वेळ ९:४२. मशीनने निकाल दिल्याची वेळ ९:३८. रक्त काढायच्या चार मिनिटं आधीच तपासून झालेलं!

डॉक्टरांना मी काय उत्तर देणार होते? आजींना परत बोलवून परत सुई टोचावी लागली. दुसऱ्या वेळी आकडा ४.४ आला. त्या काही बोलल्या नाहीत, पण पायऱ्या उतरताना कठड्याला धरून उतरत होत्या, ते मी खिडकीतून पाहिलं आणि ते डोळ्यांसमोरून गेलं नाही.

त्याच संध्याकाळी वही घेऊन लॅबभर फिरले. रक्त घेतात तिथला टॅब, बारकोड छापणारा पीसी, दोन बायोकेमिस्ट्री ॲनालायझर, हिमॅटॉलॉजीचं मशीन, सर्व्हर, भिंतीवरचं घड्याळ. सात घड्याळं आणि सात वेळा. सर्वांत मागचं आणि सर्वांत पुढचं यांच्यात अकरा मिनिटं. प्रत्येक मशीनची वेळ इंजिनिअरने बसवताना आपल्या मनगटाकडे बघून लावलेली आणि नंतर कुणी हात लावलेला नाही.

यात कुणाचा हलगर्जीपणा होता असं मला वाटत नाही. क्वार्ट्झचा स्फटिक असाच चालतो. एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक इतकी चूक असली, तरी दिवसाला ८६.४ मिलिसेकंद सरकतात. साध्या बोर्डावरच्या स्फटिकाची चूक वीस-तीस पीपीएमसुद्धा असते, म्हणजे दिवसाला दोन-अडीच सेकंद. वर्षभरात पंधरा मिनिटं सहज.

सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे: इंटरनेटवरून एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायच्या ठरलेल्या पद्धतीने, वेळ घ्यायची. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही तेच आहे. एनआयसी (सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी आपली घड्याळं जुळवा, किंवा ज्याची वेळ शेवटी त्यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते अशा सर्व्हरशी. आमची अडचण दोन ठिकाणी होती. एक तर ॲनालायझरचं नेटवर्क आम्ही मुद्दाम वेगळं ठेवलंय, त्याला इंटरनेट नाही आणि नसावंच. दुसरं म्हणजे पावसाळ्यापूर्वी रस्ते खणले की फायबर तुटते. त्याच्या आदल्या वर्षी एकदा तीन दिवस लाइन नव्हती. तेव्हा ठरवलं की वेळ घरातच पिकवायची. आकाशातून घ्यायची, आणि दिल्लीचे सर्व्हर साक्षीदार म्हणून ठेवायचे.

जीपीएसच्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. रिसीव्हर त्यांच्याकडून जागा काढतो आणि त्याच हिशेबात वेळही काढतो. एनटीपीच्या भाषेत हे मूळ घड्याळ म्हणजे स्ट्रॅटम शून्य. त्याला थेट तारेने जोडलेला सर्व्हर स्ट्रॅटम एक. त्याच्याकडून नेटवर्कवरून वेळ घेणारा दोन, असं पुढे. सोळा म्हणजे वेळेचा पत्ता नाही.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला गेले. तारीख आठवते, १५ जून २०२३, गुरुवार. बिपरजॉय वादळ त्या संध्याकाळी गुजरातच्या किनाऱ्याला धडकणार होतं आणि मुंबईत वारा असा सुटला होता की दुकानांच्या ताडपत्र्या फडफडत होत्या. एका दुकानात जुन्या यंत्रातून काढलेला, पल्सची वेगळी तार असलेला रिसीव्हर स्वस्तात मिळाला. लॅबमध्ये आणून खिडकीत अँटेना ठेवली, वीस मिनिटांत उपग्रह पकडले, मिनिट-सेकंद अगदी बरोबर. तारीख मात्र ३० ऑक्टोबर २००३.

आधी वाटलं बोर्ड खराब. मग दोन्ही तारखांमधले दिवस मोजले: ७१६८. म्हणजे बरोबर १०२४ आठवडे. जीपीएसच्या संदेशात आठवड्याचा आकडा फक्त दहा बिटांत येतो, म्हणून तो १०२३ नंतर परत शून्यावर जातो. असं पहिल्यांदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि दुसऱ्यांदा एप्रिल २०१९ मध्ये. आपण कितव्या फेरीत आहोत हे रिसीव्हरच्या फर्मवेअरने, म्हणजे त्याच्या आत भरलेल्या प्रोग्रॅमने, स्वतः ठरवायचं असतं, आणि या बिचाऱ्याचं फर्मवेअर मागच्याच फेरीत राहिलं होतं. पूर्ण आठवड्यांचा फरक असल्यामुळे वारही तोच, गुरुवार. वार बघून तारीख बरोबर आहे असं मानणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. म्हणून मैत्रिणीला पहिलं हेच सांगितलं: जुना रिसीव्हर घेतलास तर आधी सन बघ.

शेवटी टायमिंगसाठीच बनवलेला नवा रिसीव्हर मागवला. त्याची खुबी अशी की तो एकदा दिवसभर बसून आपली जागा पक्की करतो. अँटेना हलणार नाही हे त्याला ठाऊक झालं की पुढे एकच उपग्रह दिसला तरी वेळ देत राहतो. परळसारख्या ठिकाणी याला फार किंमत आहे. आमच्या इमारतीच्या दोन बाजूंना चाळीस-चाळीस मजल्यांचे टॉवर उभे राहिलेत. जिथे गिरण्यांच्या चिमण्या होत्या तिथेच. गच्चीवरून दिसणारं आकाश म्हणजे विहिरीतून दिसावं तेवढंच.

गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडे. ते बरोबर वर आले. पाण्याच्या टाकीच्या शेजारी, शिडीच्या पाइपला क्लॅम्पने अँटेना बसवली. काकांनी विचारलं, "मॅडम, हा टीव्हीचा आहे का?" म्हटलं, "नाही काका, घड्याळाचा." त्यांनी वर बघितलं, मग अँटेनाकडे बघितलं आणि म्हणाले, "मग केबल अशी सरळ आत नेऊ नका, पाणी तिच्यावरूनच आत येईल. खाली एक झोळ द्या." केबलला खिडकीच्या खाली वाकवून परत वर घेतली, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. मी कनेक्टरवर दोन थर टेप गुंडाळली होती, पण झोळ माझ्या डोक्यात आला नव्हता. तीन पावसाळे झाले, आत थेंब आलेला नाही. केबलमध्ये विजेसाठी सर्ज अरेस्टरही घातलाय. आणि संक्रांतीच्या आधी काका आठवणीने मांजा अडकलाय का ते बघून येतात.

केबल वीस मीटर आहे. तिच्यातून सिग्नलला मीटरमागे साधारण पाच नॅनोसेकंद लागतात, म्हणजे शंभर नॅनोसेकंदांचा उशीर. रिसीव्हरमध्ये तो आकडा भरता येतो आणि मी भरलाय. आमच्या कामाला त्याची काहीएक गरज नाही. पण माहीत असलेली चूक तशीच ठेवायची नाही, एवढ्यासाठी भरला.

आता मुख्य गोष्ट. रिसीव्हरमधून कॉम्प्युटरकडे दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि हा फरक पोटात शिरल्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

पहिली म्हणजे वाक्यं. एनएमईए नावाच्या ठरलेल्या स्वरूपात रिसीव्हर दर सेकंदाला सीरियल तारेवर लिहून पाठवतो: अमुक तारीख, इतके वाजले, मी इथे आहे, इतके उपग्रह दिसतात. सगळं पूर्ण सांगतो, पण रमतगमत. ९६०० बॉडच्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं जातात. सत्तर अक्षरांचं एक वाक्य यायलाच सत्तर-पंचाहत्तर मिलिसेकंद. आणि उपग्रहांची यादी लांबली की वाक्यांचा सगळा गठ्ठा अर्ध्या सेकंदावर जातो.

दुसरी म्हणजे पीपीएस, दर सेकंदाला एक पल्स. एका वेगळ्या तारेवर नेमक्या सेकंदाच्या सुरुवातीला व्होल्टेज चढतं, ते शंभर मिलिसेकंद तसंच राहतं आणि उतरतं. हा ठोका काही नॅनोसेकंदांइतका अचूक असतो. पण तो मुका आहे. 'आत्ता' एवढंच सांगतो. कितवा सेकंद, कुठला दिवस, काही नाही.

मला हे आईमुळे एका क्षणात समजलं. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. मला कळू लागलं तोवर १९८२ चा संप होऊन गेला होता आणि बरेचसे भोंगे गप्प झाले होते, पण आईच्या बोलण्यात ते अजून वाजतात. "पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला तुझे बाबा जिना उतरायचे." एकदा मी विचारलं, "झोपेतून भोंग्याने जाग आली तर पहिला की दुसरा हे कसं कळायचं गं?" ती म्हणाली, "भोंग्यावरून नाहीच कळायचं. नळावर बायका दिसल्या तर दुसरा."

भोंगा म्हणजे पीपीएस, नळावरच्या बायका म्हणजे एनएमईए. नळाला पाणी यायची वेळ पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी चालत होतं, कारण त्यावरून फक्त कितवा भोंगा एवढंच ठरवायचं होतं. नेमकी वेळ भोंगाच देत होता. मात्र पाणी फारच उशिरा आलं, तर दुसरा भोंगा पहिला वाटणार आणि बाबांचा खाडा पडणार. इथेही अगदी तसंच. एनएमईएचा उशीर अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे गेला, की सर्व्हर ठोक्याला शेजारच्या सेकंदाचा नंबर देतो. मग वेळ मायक्रोसेकंदापर्यंत अचूक आणि एका अख्ख्या सेकंदाने चूक.

(याच शहराने आपली स्वतःची वेळही सांभाळलीय. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत त्यानंतर कित्येक दशकं ३९ मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' चालू होती. कुलाब्याची वेधशाळा तर त्याच्याही आधीची, १८२६ ची. बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ मिळावी हे तिच्या मूळ कामांपैकी एक. समुद्रात रेखांश काढायचा तर घड्याळ बरोबर हवं. आपली वेळ तपासून घ्यायला कुणाकडे तरी बघावं लागतं, हे काही आजचं नाही.)

सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला. आधीच्या पाय ३ मध्ये नेटवर्कचं पोर्ट आतून यूएसबीवरून जातं, त्यामुळे उत्तर द्यायच्या वेळेत चढउतार होतो. ४ मध्ये ते स्वतंत्र आहे. पल्सची तार त्याच्या जीपीआयओ १८ या पिनवर. वेळ सांभाळायला क्रोनी आणि रिसीव्हरशी बोलायला जीपीएसडी, असे दोन प्रोग्रॅम. जीपीएसडीबद्दल एक इशारा: त्याला सुरू करताना 'डॅश एन' हा पर्याय द्यायचा. नाहीतर कुणी ग्राहक जोडला जाईपर्यंत तो रिसीव्हरकडे ढुंकूनही बघत नाही, आणि क्रोनी हा त्याच्या लेखी तसा ग्राहक नाही. माझा एक पूर्ण शनिवार यात गेला. सीरियल पोर्टवरचा लॉगिन कन्सोलही बंद करायचा, नाहीतर दोघं एकाच तारेवर बोलतात.

क्रोनीच्या फाइलमध्ये रेफक्लॉकच्या, म्हणजे थेट जोडलेल्या घड्याळाच्या, दोन ओळी आहेत. पहिली ओळ एनएमईएची. ती जीपीएसडीकडून शेअर्ड मेमरीतून येते आणि तिला 'नोसिलेक्ट' लावायचं, म्हणजे हिच्याकडून फक्त नंबर घ्यायचा, घड्याळ हिच्यावर चालवायचं नाही. तिथेच सरासरी उशीर ऑफसेट म्हणून लिहायचा. माझ्याकडे तो १४० मिलिसेकंदांच्या आसपास निघाला, तोही मी रिसीव्हरची नको ती वाक्यं बंद करून वेग ३८४०० केल्यानंतर. दुसरी ओळ पीपीएसची, आणि तिच्यात 'लॉक' म्हणून पहिलीचं नाव. झालं, भोंगा आणि नळ जोडले गेले. खाली चार नेटवर्क सर्व्हर: दोन एनआयसीचे, एक राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा, एक सार्वजनिक पूलमधला, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या सर्व्हरांच्या गटातला.

आणि इथे मी एक शब्द जास्तीचा लिहिला. पीपीएसच्या ओळीत शेवटी 'ट्रस्ट', म्हणजे हा सांगेल तेच खरं धरायचं.

मला वाटलं, अणुघड्याळापेक्षा खरं काय असणार. सर्व्हर सुरू केला. पीपीएसच्या नावापुढे चांदणी आली, म्हणजे हाच निवडला. चूक एक-दोन मायक्रोसेकंद. इतका आनंद झाला की स्क्रीनचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. खालच्या चारही नेटवर्क सर्व्हरांपुढे फुल्या होत्या. फुली म्हणजे क्रोनीच्या मते हे घड्याळ खोटं बोलतंय. मी म्हटलं, इंटरनेटवरून येताना बिघडत असेल. दोन दिवस ते तसंच चालू ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना परत ती यादी बघत होते आणि नजर आकड्यांवर गेली. उणे ९८ मिलिसेकंद. उणे १०१. उणे ९९. उणे १०३. चार सर्व्हर, चार वेगळ्या वाटांनी येणारे, आणि चौघांचा फरक तोच! दिल्लीला जाऊन यायला माझ्या सर्व्हरच्या निरोपाला तीस मिलिसेकंद लागत होते. एवढ्याशा फेरीत शंभर मिलिसेकंदांची चूक मावतच नाही. आणि चार जण ठरवून खोटं कसे बोलतील? खोटं बोलत होता तो माझा चांदणीवाला.

शंभर. पल्सची रुंदीही शंभर.

हातातला चहा तसाच ठेवून मी पीपीएसची ओळ फाइलमधून बंद केली आणि घड्याळ त्या चार सर्व्हरांवर चालू दिलं. ते स्थिरावल्यावर पीपीएसटेस्ट हा छोटा प्रोग्रॅम चालवून ठोके बघितले. प्रत्येक ठोक्याची नोंद सेकंदाच्या दशांशाला: ०.०९९८, ०.०९९९, ०.०९९८. मग पल्सच्या दुसऱ्या कडेचीही, म्हणजे व्होल्टेज उतरतं त्या क्षणाचीही, नोंद चालू केली. तिची: ०.०००१, ०.०००२. सर्व्हर पल्सची चढती कड पकडतो आणि ठोका मात्र उतरत्या कडेवर होता. पण असं का? रिसीव्हरच्या माहितीपत्रकात चढती कड म्हणजे सेकंदाची सुरुवात असं स्वच्छ लिहिलंय.

कारण माझ्याच हाताचं होतं. रिसीव्हरची पल्स ५ व्होल्टची आणि पायच्या पिनला ३.३ पेक्षा जास्त सोसत नाही, म्हणून मध्ये मी एका ट्रान्झिस्टरची छोटी पट्टी लावली होती. व्होल्टेज त्याने बरोबर उतरवलं, पण असा ट्रान्झिस्टर सिग्नल उलटाही करतो. आत चढ असेल तर बाहेर उतार. शाळेत असताना इलेक्ट्रॉनिक्सच्या जादा तासाला शिकलेली गोष्ट. त्यामुळे सेकंदाच्या सुरुवातीला माझ्या पिनवर व्होल्टेज उतरत होतं आणि शंभर मिलिसेकंदांनी चढत होतं. सर्व्हर त्या चढण्यालाच सेकंद समजत होता आणि सगळी लॅब एक दशांश सेकंद मागे चालत होती.

पायच्या बूट फाइलमध्ये उतरती कड पकडण्याचा पर्याय लिहिला, रीबूट केलं आणि 'ट्रस्ट' खोडून टाकलं. पाच मिनिटांत चांदणी परत पीपीएसपुढे. पण या वेळी खालच्या चौघांच्या फुल्या गेल्या होत्या आणि त्यांची चूक दोन-तीन मिलिसेकंद.

'ट्रस्ट' नसतं तर हे दोन दिवस वाया गेलेच नसते. क्रोनीच्या निवडीची मूळ रीतच मोठी शहाणी आहे. प्रत्येक स्रोत म्हणतो, खरी वेळ या एवढ्या पट्ट्यात आहे. सगळ्यांचे पट्टे एकमेकांवर ठेवायचे आणि जास्तीत जास्त जणांचे पट्टे जिथे एकत्र येतात तो भाग धरायचा. बाहेर राहिला तो खोटा, मग तो कितीही अचूक असल्याचं सांगो. माझ्या पीपीएसचा पट्टा केसाइतका बारीक होता आणि चुकीच्या जागी होता. चौघांनी त्याला पहिल्या पाच मिनिटांतच बाहेर काढलं असतं. मीच त्यांची तोंडं बंद केली होती. डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ पासून एनटीपी घडवताना खोटी घड्याळं ओळखण्याचा हा विचार त्यात रुजवला. जानेवारी २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

आणखी एक प्रसंग गणपतीच्या सुमारास आला. इमारतीच्या दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. रिसीव्हरची छोटी बॅटरी मी बसवलीच नव्हती, त्यामुळे तो सगळं विसरून जागा झाला. पहिली दहा मिनिटं त्याच्या वाक्यांतली वेळ बरोबर दोन सेकंद पुढे होती! जीपीएसची स्वतःची वेळ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घ्यायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद, पाळत नाही. १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. हा १८ चा आकडा उपग्रहाच्या संदेशातूनच येतो, पण तो पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर रिसीव्हर फर्मवेअरमध्ये लिहिलेला जुना आकडा वापरतो, आणि माझ्याकडचा तो १६ होता. या वेळी साक्षीदारांची तोंडं उघडी होती. क्रोनीने पीपीएसला फुली मारली, दिल्लीच्या वेळेवर चालत राहिला आणि तेराव्या मिनिटाला पीपीएसला परत आत घेतलं. मी घरी होते. दुसऱ्या दिवशी लॉग वाचून कळलं. बॅटरी मात्र त्याच दिवशी बसवली.

लीप सेकंदाचा हा त्रास पुढे कमी होईल. २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं ठरवलंय. आणि नाविकचा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारख्या उपग्रहांचा, टायमिंग रिसीव्हर माझ्या रॅकमध्ये यावा ही माझी मनापासून इच्छा आहे. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या उपग्रहात आपलं स्वदेशी रुबिडियम घड्याळ आहे.

पायमध्ये स्वतःचं बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, तेही वेगळं बसवलं, शे-दोनशे रुपयांची पट्टी. 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळही घातलीय. म्हणजे अँटेना, इंटरनेट दोन्ही गेलं तरी निदान लॅबची सगळी यंत्रं एकमेकांशी जुळून राहतील. पण तेव्हा तो दहावा म्हणून स्वतःची ओळख देईल, पहिला म्हणून नाही.

पायच्या स्फटिकाच्या फ्रिक्वेन्सीचा आलेख मी रोज बघते. तो बघायला मला खरंच आवडतं. सर्व्हर रूमचा एसी चालू-बंद होतो तशी त्यात बारीक लाट येते. मे महिन्यात एका रविवारी एसी ट्रिप झाला, तेव्हा रेघ अर्ध्या पीपीएमहून जास्त वर चढली. तापमानाचा अलार्म वाजायच्या आधी मला स्फटिकानेच सांगितलं की खोली तापतेय.

अजून सगळं झालेलं नाही. हिमॅटॉलॉजीच्या मशीनला एनटीपी कळतच नाही. दर सोमवारी सकाळी पहिल्या सॅम्पलच्या आधी टेक्निशियन ताई हाताने वेळ लावते आणि किती सेकंदांचा फरक होता ते वहीत लिहिते. त्या वहीवरून आता मला माहीत आहे की ते मशीन आठवड्याला अकरा सेकंद मागे पडतं. रिपोर्टवर शंका आली तर निदान हिशेब करता येतो.

परवा पहाटे परत वीज गेली होती. मी सहा वाजता लॅबमध्ये पोहोचले, तेव्हा पाय नुकताच उठला होता. स्टूल ओढून समोर बसले. आधी सगळ्यांपुढे प्रश्नचिन्हं. मग एनआयसीच्या एका सर्व्हरपुढे चांदणी. पोहोचल्याची नोंद वाढत गेली: १, ३, ७, १७, ३७, ७७, १७७, ३७७. ही संख्या अष्टमान पद्धतीची आहे. आठ वेळा विचारलं, आठही वेळा उत्तर आलं की ३७७. रिसीव्हर या वेळी काही विसरला नव्हता. सहा वाजून अठरा मिनिटांनी चांदणी खालून उठून पीपीएसपुढे आली आणि कुणापुढेच फुली नव्हती.

सात वाजता दार उघडलं. उपाशीपोटी आलेले सात-आठ जण बाकावर होते. पहिल्या काकांचं रक्त घेतलं ७:०४ ला. सेंट्रिफ्यूज ७:३१. मशीनवर ७:४६. पोटॅशियम ४.२.